झटक्याचा हिशेब

जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९६४ सालच्या ब्यूक आणि कॅडिलॅक मोटारींसाठी 'टर्बो हायड्रामॅटिक ४००' या नावाचा तीन गिअरांचा जो स्वयंचलित गिअरबॉक्स सिद्ध केला, त्याला पुढे इतकी परस्परविरोधी चाकरी करावी लागली की, एकाच यंत्राकडून दोन माणसे किती भिन्न गोष्टी मागू शकतात याचे ते उत्तम उदाहरण ठरावे. रोल्स रॉइसच्या 'सिल्व्हर शॅडो'त त्याला स्थान मिळाले. तेथे मागच्या आसनावरील धनिकाला गिअर केव्हा बदलला याची वार्ताही लागू नये अशी अपेक्षा असे. १९७६ साली फेरारीने आपल्या '४००' या मोटारीच्या स्वयंचलित आवृत्तीत तोच बसवला. आणि त्याच काळात अमेरिकेतील पाव मैलाच्या सरळ धावपट्ट्यांवर, ज्यांना तिकडे ड्रॅग स्ट्रिप म्हणतात, तोच गिअरबॉक्स अशा गाड्यांत दिसू लागला की ज्यांत दुसरा गिअर पडताच चालकाची मान मागच्या टेकूवर आपटावी. पहिल्या गिअरचे प्रमाण २.४८, दुसऱ्याचे १.४८ आणि तिसऱ्यात इंजिन व पुढचा दांडा एकास एक, ही मूळ रचना सर्वत्र तीच. स्वभावातले अंतर मात्र निराळ्याच ठिकाणी होते: गिअरबॉक्सच्या तळाशी, तेलाच्या थाळीत बुडालेल्या, बोळांनी आणि छिद्रांनी भरलेल्या एका धातूच्या ठोकळ्यात. या ठोकळ्याला व्हॉल्व्ह बॉडी म्हणतात, आणि त्यात हात घालून गिअर पडण्याची रीत बदलणाऱ्या कारागिरीचा वृत्तान्त हा या प्रकरणाचा विषय आहे.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. आपल्याकडील पुष्कळ वाचकांचा स्वयंचलित गिअरशी परिचय २०१४ साली आलेल्या मारुती सेलेरिओपासून आणि तिच्या मागोमाग आलेल्या स्वस्त मोटारींपासून झाला. त्यांतील यंत्रणा म्हणजे नेहमीचाच हाताचा गिअरबॉक्स. त्याचा क्लच आणि दांडा माणसाऐवजी एक यांत्रिक हात हलवतो, इतकेच. येथे ज्याचा विचार करावयाचा आहे तो गिअरबॉक्स जातीनेच वेगळा. त्यात दात्यांची चक्रे एकमेकांपासून कधी सुटत नाहीत आणि गिअर बदलताना इंजिनाचा जोर क्षणभरही चाकांपासून तोडला जात नाही.

हे साधते ते ग्रहमालिकेच्या योजनेने. मध्ये एक सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी तीनचार ग्रहचक्रे आणि त्या सर्वांना वेढणारे, आतल्या बाजूस दाते असलेले कंकणचक्र, अशा या तिघांपैकी एकाला जखडून ठेवले, दुसऱ्याला इंजिनाचा जोर दिला, की तिसऱ्यातून निराळ्या वेगाने गती बाहेर पडते. आणि कोणाला जखडले यावर ती गती मंद, समान की उलटी हे ठरते. जखडण्याचे काम दोन प्रकारांनी होते. एक तर ड्रमभोवती पोलादी पट्टा आवळून, ज्याला बँड म्हणतात. किंवा एकाआड एक रचलेल्या पोलादी व अस्तर लावलेल्या चकत्या तेलाच्या दाबाने एकमेकींवर दाबून, ज्यांचा समुच्चय म्हणजे क्लच. इंजिन आणि ही मालिका यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्याची मूळ कल्पना हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची असून १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले, तेही मोटारीसाठी नव्हे, तर जहाजांच्या टर्बाइनचा वेग पंख्याला सोसेल इतका उतरवण्यासाठी. तेलातून जोर पोहोचवणाऱ्या या साधनाच्या कृपेने गाडी गिअरमध्ये असूनही सिग्नलला उभी राहू शकते, आणि निघताना इंजिनाची पिळण्याची शक्ती सुमारे दुप्पट होऊन पुढे जाते.

आता प्रश्न असा की, कोणता क्लच केव्हा दाबावयाचा हे ठरवतो कोण? संगणक गाडीत शिरण्यापूर्वी, म्हणजे चाळीसपन्नास वर्षे, हा निर्णय केवळ तेलाने घेतला. आणि तो ज्या पद्धतीने घेतला ती एखाद्या जुन्या मामलेदार कचेरीच्या कारभाराशी फार मिळतीजुळती आहे. कचेरीत दोन पक्षांचे अर्ज सतत येत असतात. पहिला पक्ष गाडीच्या वेगाचा: बाहेर पडणाऱ्या दांड्यावर बसवलेला गव्हर्नर आपली वजने गरगर फिरवतो आणि वेग वाढेल तसा अधिक दाबाचे तेल पाठवतो. दुसरा पक्ष चालकाच्या पायाचा: ॲक्सिलरेटर जितका खोल दाबलेला, तितका या बाजूचा दाब अधिक, आणि ही खबर इंजिनातील निर्वात मोजणाऱ्या मॉड्युलेटरकडून किंवा कार्ब्युरेटरपासून आलेल्या तारेकडून मिळते. शिफ्ट व्हॉल्व्ह नावाची एक लहानशी दट्ट्यासारखी कांडी या दोन अर्जांच्या मध्ये बसलेली असते. एका अंगाने वेग तिला ढकलतो, दुसऱ्या अंगाने स्प्रिंग आणि पाय मिळून तिला अडवतात. वेगाची सरशी झाली की कांडी सरकते, मुख्य दाबाच्या तेलाला वाट मोकळी होते आणि वरच्या गिअरच्या क्लचकडे अंमलबजावणीचा हुकूम रवाना होतो. चालकाने पाय जोरात दाबला तर हीच तकरार अधिक वेगापर्यंत लांबते, म्हणजे गिअर उशिरा पडतो. इतक्या साध्या साधनांनी इतका समंजस निवाडा व्हावा हे आजही मला विस्मयकारक वाटते. या यंत्राची कमाई दात्यांपेक्षा या दप्तरात अधिक आहे.

परंतु हुकूम सुटणे आणि हुकूम बजावला जाणे यांत कालावधी असतो, आणि आपल्या विषयाचे सारे मर्म त्या कालावधीत आहे. तेल क्लचकडे जाताना त्याला एका पातळ पोलादी पत्र्यातील ठरावीक व्यासाच्या छिद्रातून जावे लागते. हा पत्रा व्हॉल्व्ह बॉडी आणि गिअरबॉक्सचे कवच यांच्यामध्ये बसतो. छिद्र बारीक, म्हणून तेल हळूहळू भरते. शिवाय वाटेत ॲक्युम्युलेटर नावाची स्प्रिंग लावलेली एक दट्ट्याची कोठडी असते. ती येणाऱ्या तेलातील काही भाग आपल्या पोटात घेते आणि त्यामुळे क्लचवरील दाब एकदम न चढता पायरीपायरीने चढतो. परिणाम असा की, चकत्या प्रथम एकमेकींवर घासतात, घासता घासता त्यांचे वेग जुळत जातात आणि शेवटी त्या एकजीव होतात. या घासण्यालाच प्रवासी सुखद गिअर म्हणतो. ते सुख फुकट येत नाही. त्याची किंमत अस्तर भरते.

ती किंमत किती, याचा ढोबळ हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असताना दुसऱ्यातून तिसरा गिअर पडतो असे समजू. गाडीचा वेग त्या अल्पावधीत जवळपास कायम राहतो. म्हणून इंजिनाला ५००० भागिले १.४८, म्हणजे सुमारे ३३८० फेऱ्यांवर यावेच लागते. सोळाशेवीस फेऱ्यांची ही तफावत क्लचच्या चकत्यांमध्ये घासून नाहीशी व्हावयाची असते. इंजिनाची पिळण्याची शक्ती ४०० न्यूटन मीटर धरली, ती सगळी त्या एका क्लचने पेलली असे मानले, आणि घासण्याचा काळ ०.६ सेकंद घेतला, तर सुमारे वीस हजार ज्यूल इतकी उष्णता तेथे निर्माण होते. तोच काळ ०.३ सेकंदावर आणला तर हा भाग दहा हजारांवर येतो. इंजिनाच्या फिरत्या वस्तुमानाला मंद करण्यापायी उत्पन्न होणारी उष्णता यात अलग मिळवावयाची. पण ती काळ कमी केल्याने फारशी बदलत नाही. वीस हजार ज्यूल म्हणजे एक लिटर पाणी पाच अंशांनी तापवण्याइतकीच ऊर्जा, हे खरे. तथापि ती अर्ध्या सेकंदात आणि तंतुमय लगद्याच्या, एक मिलिमीटरही जाडी नसलेल्या अस्तराच्या पृष्ठभागावर उतरते, आणि गाडी जड असेल, इंजिन मूळच्याहून बलवान केलेले असेल, मागे बोट किंवा घरगाडी ओढत ती डोंगर चढत असेल, तर दर काही मिनिटांनी पुन्हा उतरते. अस्तर काळे पडते, चकाकते, त्याची पकड जाते, मग घासणे आणखी लांबते, आणि जळण्याचा क्रम स्वतःच्याच गतीने पुढे चालू राहतो.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो सामान्य समजुतीच्या विरुद्ध आहे. हलक्या हाताने पडणारा गिअर यंत्राला मानवतो आणि झटक्याने पडणारा यंत्राचा घात करतो, असे आपण गृहीत धरतो. क्लचपुरते पाहिले तर खरे त्याच्या उलट आहे: लवकर आणि ठाम पकडणारा क्लच दीर्घायुषी होतो. अमेरिकेतील गॅरेजवाले ही गोष्ट जळालेल्या चकत्यांच्या ढिगाऱ्यांतून शिकले, आणि म्हणूनच त्यांपैकी कित्येकांनी शर्यतीशी काडीचा संबंध नसलेल्या, मजूर आणि औजारे वाहणाऱ्या गाड्यांचे गिअरबॉक्सही दुरुस्तीला आले असता मुद्दाम जरा कठोर करून परत पाठवले. मात्र पकड जितकी जलद, तितका धक्का मोठा. तो दांड्यांनी, ड्रमांनी, मागच्या धुरीने आणि अखेरीस कवचाने सोसावयाचा असतो. अस्तर वाचवण्यासाठी पोलाद किती पणाला लावावे, ही या कारागिरीतील खरी मोजमापाची जागा.

इतिहासाकडे वळले तर दिसते की, आरंभीचे स्वयंचलित गिअरबॉक्स मुळी गुळगुळीत नव्हतेच. अर्ल थॉम्पसन या अभियंत्याने, ज्याच्या नावावर त्याआधी कॅडिलॅकचा सिंक्रोमेश गिअर जमा होता, जनरल मोटर्ससाठी हायड्रामॅटिक घडवला आणि १९३९ च्या ऑक्टोबरात तो १९४० सालच्या ओल्ड्समोबिलवर अवघ्या ५७ डॉलरच्या जादा आकारात मिळू लागला. चार गिअर, साधे द्रव जोडसाधन, आणि गिअर बदलताना स्पष्ट जाणवणारा धक्का, अशी त्याची लक्षणे होती. पण तो इतका खंबीर होता की महायुद्धात 'एम ५ स्टुअर्ट' रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिनांच्या जोडीला दोन हायड्रामॅटिक बसवून तो रणांगणावर पाठवला गेला. युद्धोत्तर समृद्धीत मात्र ग्राहकाची अभिरुची बदलली. ब्यूकने १९४८ मध्ये आणलेला डायनाफ्लो चालू प्रवासात गिअर बदलतच नसे. सारी भिस्त टॉर्क कन्व्हर्टरवर. मोटार लोण्यासारखी सरके आणि तितक्याच आळसाने वेग घेई. १२ ऑगस्ट १९५३ रोजी मिशिगनमधील लिव्होनिया येथील हायड्रामॅटिकचा कारखाना आगीत भस्मसात झाला आणि काही महिने कॅडिलॅक व ओल्ड्समोबिलच्या काही गाड्यांना डायनाफ्लोवर, तर पॉन्टिॲकच्या काही गाड्यांना शेव्हरोलेच्या पॉवरग्लाइडवर निभावून न्यावे लागले. १९५६ मध्ये हायड्रामॅटिकचा जो नवा अवतार आला त्यात आणखी एक द्रव जोडसाधन घालून तो पूर्वीचा धक्का बहुतांशी मावळवण्यात आला. कारखान्यांचा सगळा ओढा त्या एका दिशेने होता.

शर्यतवाल्यांचा ओढा अर्थातच उलट दिशेने. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची स्थापना केल्यानंतर ४०२ मीटरांच्या या शर्यतींना नियम आणि वर्ग आले, आणि थांबलेल्या स्थितीतून सुटून पाव मैल सर्वांत कमी वेळात कापण्याच्या त्या स्पर्धेत असे लक्षात येऊ लागले की, हाताच्या गिअरवर कसलेला चालकसुद्धा दर बदलाला क्लच दाबून इंजिनाचा जोर तोडतो, तर स्वयंचलित गिअरबॉक्स तो तोडत नाही. त्याला फक्त आळस झटकावयास लावला पाहिजे. कॅलिफोर्नियात बॉब स्पार आणि मॉर्ट शूमन यांनी १९५३ च्या सुमारास उभारलेल्या 'बी अँड एम' या पेढीने जुन्या, चार गिअरांच्या हायड्रामॅटिकवर हा प्रयोग केला आणि चालकाच्या हातच्या दांड्याने हुकमी गिअर बदलणारी त्याची शर्यती आवृत्ती विकली. १९५६ मध्ये क्रायस्लरचा तीन गिअरांचा टॉर्कफ्लाइट आला. पुढील दशकात त्यानेही धावपट्टीवर हाताच्या गिअरला मात देण्याचे काम चोख केले. स्वयंचलित गिअर म्हणजे वृद्धांची आणि आळशांची सोय, ही समजूत त्या धावपट्ट्यांवर पुसली गेली.

सर्वसामान्य माणसापर्यंत ही विद्या पोहोचली ती डब्यातून. 'शिफ्ट किट' हे नाव आज कोणत्याही अशा संचाला सर्रास लावले जाते. वस्तुतः ते गिल यंगर यांच्या ट्रान्सगो कंपनीचे नोंदलेले व्यापारी नाव. डबा उघडला की निराशा व्हावी असा ऐवज: चारदोन रंगीत स्प्रिंगा, एखादा नवा पत्रा किंवा जुन्याला भोक पाडण्यासाठी ड्रिलची टोके, काही गॅस्केट, एखादी व्हॉल्व्ह कांडी, आणि सूचनांची घडी घातलेली पाने. गिअरबॉक्स गाडीतून उतरवावाही लागत नाही. तळाची थाळी सोडवून तेल काढले, व्हॉल्व्ह बॉडी खाली घेतली की कामाला लागता येते. तीत बसलेल्या पोलादी गोळ्या, ज्या तेलाला एका दिशेने जाऊ देतात आणि दुसरीकडून अडवतात, त्या खाली घरंगळल्या की कोणती कोठली हे शोधत बसावे लागते. म्हणून शहाणा कारागीर उघडण्याआधी त्यांच्या जागा टिपून ठेवतो. एक गोळी चुकीच्या खळग्यात पडली तर गिअर अस्थानी पडतो, किंवा मुळीच पडत नाही.

संचातील वस्तूंपैकी सर्वांत कमी दिमाखाची, ती ड्रिलची टोके, सर्वांत प्रभावी असतात, आणि त्याचे कारण गणिती आहे. छिद्रातून वाहणारे तेल छिद्राच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते, पण दाबाच्या केवळ वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे मुख्य दाब २० टक्क्यांनी वाढवला तर प्रवाह जेमतेम साडेनऊ टक्के वाढतो. उलट तीन बत्तीसांश इंचाचे भोक एक अष्टमांश इंचाचे केले, म्हणजे व्यास एक तृतीयांशाने वाढवला, तर क्षेत्रफळ आणि त्याबरोबर प्रवाह ७८ टक्क्यांनी वाढतो. नवशिक्याला वाटते, दाब वाढवला की सारे साधेल. म्हणून तो प्रेशर रेग्युलेटरची स्प्रिंग शक्य तितकी कडक घालतो. त्याने पंप अधिक इंजिनशक्ती खातो, तेल तापते, रबरी सील आणि टेकूची कडी ताणली जातात, आणि क्लच भरण्याची घाई मात्र थोडकीच होते. दाबाचा उपयोग पकड घट्ट राखण्यासाठी, भोकाचा उपयोग ती लवकर आणण्यासाठी, हा विवेक ज्याला आहे त्याच्या हातचा गिअरबॉक्स टिकतो. भोक एकदा मोठे झाले की पुन्हा लहान होत नाही. म्हणून जाणते लोक पत्र्याला हात लावण्याआधी दुसरा पत्रा पैदा करून ठेवतात.

गिअर किती ठामपणे पडावा आणि केव्हा पडावा या दोन अलग बाबी आहेत, आणि त्यांची गल्लत पुष्कळदा होते. केव्हा, हे गव्हर्नरकडे: वजने हलकी केली तर वेगाचा अर्ज दुबळा पडतो आणि गिअर उशिरा, इंजिन अधिक फेऱ्यांवर गेल्यानंतर बदलतो. ॲक्युम्युलेटरची स्प्रिंग कडक करणे किंवा त्याचा दट्ट्या पार अडवून ठेवणे हा ठामपणाचा उपाय. परंतु पार अडवला की भाजी आणण्यासाठी रमतगमत निघालेल्या गाडीतही प्रत्येक गिअर कमरेत बसतो. असा गिअरबॉक्स ज्यांना पराक्रमाचा वाटतो त्यांच्याशी माझे जमत नाही. पायाचा दाब हलका असताना मृदू आणि पाय तळाला टेकताच निष्ठुर, असा दुहेरी स्वभाव ज्याने साधला तो खरा कसबी. आणि मॉड्युलेटरचा दाब ॲक्युम्युलेटरच्या पाठीशी कसा लावला आहे हे ज्याला वाचता येते त्यालाच तो साधतो.

टर्बो हायड्रामॅटिक ४०० वरील एक सुधारणा तर तिच्या चातुर्यासाठी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. या गिअरबॉक्सचा डायरेक्ट क्लच तिसऱ्या गिअरमध्ये आणि उलट्या गिअरमध्ये, असा दोनदा कामाला येतो. त्याच्या दट्ट्यामागे दोन कोठड्या आहेत, आतली लहान आणि बाहेरची मोठी. उलट्या गिअरमध्ये पिळाचा भार जबर, म्हणून कारखान्याने तेव्हा दोन्ही कोठड्यांना तेल दिले. तिसऱ्या गिअरमध्ये मात्र फक्त आतलीला, कारण तेथे मृदुता हवी. आता मधल्या आधारावरील एक तेलकडी काढली, दट्ट्याचे मधले सील वगळले आणि कवचातील उलट्या गिअरच्या तेलाची एक वाट बंद केली, की तिसऱ्या गिअरमध्येही दोन्ही कोठड्या भरतात. नवा सुटा भाग एकही लागत नाही, उलट काही काढून टाकावे लागते. आणि क्लचची धारणशक्ती मोठ्या अंशाने वाढते. याच धर्तीवर पुढच्या पिढीतील '७०० आर ४' मध्ये, जो १९८२ साली आला, दुसऱ्या गिअरचा बँड आवळणारा मोठा दट्ट्या कॉर्व्हेट मोटारीच्या गिअरबॉक्समधून घेऊन साध्या गाड्यांत घालण्याची प्रथा पडली. कारखान्याने स्वतःच्याच महागड्या गाडीसाठी केलेली तरतूद गरिबाच्या गाडीकडे वर्ग करण्याचा हा उद्योग मला विशेष आवडतो.

४०० ची आणखी एक सोय अशी की, त्यात दुसऱ्या गिअरचा भार एकेरी दिशेने अडवणाऱ्या स्प्रॅगवर असतो. तिसऱ्याचा क्लच पकडताच तो आपोआप सुटतो, त्याला कोणी सोडावे लागत नाही. टॉर्कफ्लाइटमध्ये असे नाही. तेथे दुसऱ्या गिअरचा बँड सैल होणे आणि तिसऱ्याचा क्लच आवळणे यांची वेळ तेलाच्या वाटेनेच जुळवावी लागते. बँड आधी सुटला तर मधल्या क्षणात इंजिन मोकळे ओरडते. उशिरा सुटला तर दोघे एकमेकांविरुद्ध ओढतात आणि गाडीला लगाम लागल्यासारखे होते. त्यामुळे तेथे एका भोकाचा व्यास बदलला की दुसऱ्याचाही विचार अटळ होतो, आणि सूचनांतील आकडे डावलून स्वतःच्या अंदाजाने भोके पाडणारे येथे हटकून फसतात.

तेलाचा मुद्दा थोडक्यात. घर्षण बदलणारी द्रव्ये घातलेल्या तेलात चकत्यांचे वेग जुळत येतात तसतशी पकड हळुवार होते. फोर्डच्या 'टाइप एफ' तेलात ही द्रव्ये नसल्याने अखेरच्या क्षणी पकड घट्ट होते आणि गिअर टणत्कारून पडतो. म्हणून कित्येक जण जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्समध्ये फोर्डचे तेल ओतत. मृदुतेसाठी जनरल मोटर्सच्या तेलात पूर्वी चक्क स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल पडे. १९७० मध्ये अमेरिकेने त्याची गणना संकटग्रस्त प्राण्यांत करून आयात बंद केली, तेव्हा रसायनज्ञांना पर्याय धुंडाळणे भाग पडले.

शर्यतीच्या टोकाला गेल्यावर कचेरीच गुंडाळली जाते. पूर्ण हाताच्या व्हॉल्व्ह बॉडीत गव्हर्नरचा अर्ज कोणी वाचत नाही. चालकाने दांडा हलवला तरच गिअर बदलतो. दांड्याचा क्रमही बहुधा उलटा केलेला असतो, जेणेकरून घाईत पुढे लोटलेला हात तिसऱ्या गिअरऐवजी न्यूट्रलमध्ये जाऊन पडू नये. पूर्ण जोरात इंजिन एकाएकी भारमुक्त झाले तर त्याचे तुकडे होणे दूर नसते. ट्रान्सब्रेक हा आणखी एक प्रकार: पहिला आणि उलटा असे दोन्ही गिअर एकाच वेळी लावून गिअरबॉक्स स्वतःशीच अडकवून ठेवावयाचा, इंजिन चढवावयाचे, आणि हिरवा दिवा लागताच बटण सोडून उलट्या गिअरचे तेल एकदम मोकळे करावयाचे. गाडी सुटते म्हणण्यापेक्षा फेकली जाते.

या खेळाची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. टॉर्कफ्लाइटचा पहिल्या गिअरमधील एकेरी क्लच टायर घसरल्यावर निकामी झाला तर पुढचा ड्रम इंजिनाच्याही वेगाच्या पलीकडे भरकटतो आणि फुटू शकतो; म्हणून शर्यतीत तो क्लच कवचाला बोल्टने पक्का करतात आणि बाहेरून पोलादी ढाल घालतात. ८ मार्च १९७० रोजी लॉस एंजलिसजवळील लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स या विख्यात चालकाच्या 'स्वॅम्प रॅट' गाडीतील दोन वेगांचा प्रायोगिक गिअरबॉक्स सुटण्याच्या क्षणीच फुटला आणि त्याच्या उजव्या पावलाचा काही भाग तोडून गेला. तोवर या गाड्यांत इंजिन चालकाच्या पुढे आणि गिअरबॉक्स त्याच्या पायांपाशी असे. रुग्णशय्येवर त्याने इंजिन मागे ठेवणाऱ्या गाडीचा विचार पक्का केला, १९७१ मध्ये ती धावपट्टीवर आणली, आणि काही वर्षांत त्या वर्गातील सगळ्याच गाड्यांचा आकार तिने बदलून टाकला. आपल्या देशात, सांगून ठेवावे, नोंदणीच्या कागदावरील तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ मनाई करते.

१९९० च्या दशकात निवाड्याचे काम तेलाकडून संगणकाकडे गेले. १९९३ पासून ७०० आर ४ चा वारस असलेल्या '४ एल ६० ई' मध्ये गव्हर्नर उरला नाही; विद्युत झडपा वाट उघडतात आणि दाब किती असावा हे कोष्टकातून ठरते. ड्रिलची जागा लॅपटॉपने घेतली. येथे एक गमतीची अडचण उत्पन्न झाली: संगणक प्रत्येक गिअरबदलाचा काळ मोजतो आणि तो नेमून दिलेल्या काळाशी ताडून दाब कमीजास्त करतो. कारागिराने भोक मोठे करावे, गिअर लवकर पडावा, आणि काही दिवसांत संगणकाने ती घाई चूक मानून दाब उतरवावा. म्हणून आता पत्रा आणि कोष्टक दोन्ही एकमतात आणल्याशिवाय काम पुरे होत नाही. शिवाय कारखान्यांनी गिअर पडताना इंजिनाचा जोर क्षणभर आवरण्याची युक्ती योजली. तिने धक्का आणि घर्षण दोन्ही एकदम कमी होतात, जे केवळ तेलाला कधीच जमले नसते. आजच्या आठ गिअरांच्या गाडीत 'स्पोर्ट' लिहिलेले बटण दाबले की जे घडते, त्यातील पुष्कळसे पूर्वी थाळी उघडून हात काळे करणाऱ्यांनी साध्य केले होते.

धावपट्टीवर मात्र अजूनही सर्वाधिक मागणी आहे ती १९५० साली जन्मलेल्या दोन गिअरांच्या पॉवरग्लाइडला, कारण गिअर कमी म्हणजे बदल एकच, फिरणारे वजन थोडे आणि मोडण्यासारखे भागही थोडे. शेव्हरोलेने त्याची निर्मिती १९७३ मध्ये थांबवली. हजारो अश्वशक्तीच्या गाड्यांसाठी आज जो पॉवरग्लाइड बांधला जातो त्यात कवच, ड्रम, दांडे आणि व्हॉल्व्ह बॉडी हे सगळे स्वतंत्र कारखान्यांतून आलेले असते, आणि जनरल मोटर्सने ओतलेला एकही भाग त्यात बहुधा सापडत नाही.